डाव्या गुडघ्याचा मान

लिफ्टचा दरवाजा उघडला तेव्हा आत एक तरुण उभा होता आणि त्याने पँटवरून, चांगल्या इस्त्रीच्या करड्या पँटवरून, उजव्या गुडघ्याला नी-कॅप चढवली होती.

राजन आत शिरला. जानेवारीतला शुक्रवार, सकाळची वेळ, लिफ्टमध्ये अत्तराचा आणि कुणाकडच्या तरी तळलेल्या कांद्याचा वास. भिंतींना ती जाड गोधडीसारखी कापडं लटकत होती, जी पूर्वी कुणी घर सोडून सामान हलवायला लागलं की वॉचमन लावायचा आणि संध्याकाळी काढून ठेवायचा. मग दोन वर्षांपूर्वी, मंदीत, दुबईच्या या अल मनखूल भागातून लोक एकामागून एक जायला लागले आणि वॉचमनने ती काढणंच सोडलं. त्यामुळे या लिफ्टमध्ये माणसाचा आवाज मऊ येतो. राजनला स्वतःचाच प्रश्न कुणीतरी उशीत तोंड घालून विचारल्यासारखा ऐकू आला.

"गुडघा दुखावला का?"

"नाही काका, गुडघा एकदम फिट," तरुण म्हणाला. "जॉब गेलाय."

आणि हसला. खोटं नाही, नीट हसला.

राजनचीही नोकरी गेली होती. काल. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या ज्या कारखान्यात तो अकरा वर्षं उंच इमारतींच्या काचेच्या भिंतींची एस्टिमेट्स काढत होता, तिथे त्याला एका खोलीत बोलावून, खुर्चीत बसवून, पुढ्यात पाणी ठेवून, रिस्ट्रक्चरिंग हा शब्द सांगण्यात आला होता. हे त्याने अजून कुणाला सांगितलं नव्हतं. अनुपमालाही नाही, आणि बायकोपासून रात्रभर काही लपवून ठेवण्याची त्याच्या पोटाला सवय नव्हती. आज दुपारी हमदुल्लाकडे जेवायला जायचं होतं. तिथला नियम असा की ज्याची नोकरी गेली त्याने पहिल्याच शुक्रवारी, सगळ्यांसमोर, डाव्या गुडघ्याला नी-कॅप चढवून ते सांगायचं. नियम राजनचा. गोष्टही राजनची. दीड वर्ष तो ती सांगत आला होता, मूळ कसं पडलं, कुणी पाडलं. आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला, उभं राहून, हातवारे करून. फक्त एक होतं, नी-कॅप त्याला स्वतःला कधी घालावी लागली नव्हती. ज्याने मान सुरू केला त्यालाच तो मान नव्हता.

"ही काय पद्धत?" त्याने साळसूदपणे विचारलं.

"आपल्या मराठी लोकांत आहे ना. म्हणजे शारजात तरी आहे. मी परवाच शिफ्ट झालो इकडे, चुलत भावाकडे. बर दुबईत नाही का?"

बर दुबईत नाही का! स्वतःच्या मुलीच्या बारशाचे पेढे शेजाऱ्याने आणून द्यावेत, आणि वर विचारावं, तुमच्याकडे मुलगी आहे का?

लिफ्ट तळाला आली, दरवाजा उघडला, दोघांपैकी कुणी उतरलं नाही, दरवाजा मिटला. वरून कुणीतरी बोलावलं आणि दोघं पुन्हा वर निघाले.

"सुरू कुणी केली?" राजनने विचारलं.

"एका गोऱ्याने. कंपन्यांची मॅच होती, शारजाला. हा ओपनिंगला जायचा, पॅड बांधतोय, तेवढ्यात फोन. यू आर टर्मिनेटेड. हा म्हणाला, ओके, आणि तसाच बॅटिंगला गेला. सेव्हंटी मारले. नॉट आउट."

"आणि नी-कॅप?"

"पॅडच्या आत होती. उजव्या पायाला. पॅड सोडल्यावर ती तशीच ठेवून तो बारमध्ये गेला, आणि बाकीच्यांनी..."

"उजव्या?"

"उजव्यालाच असते ना, काका."

राजनला राग यायला हवा होता. पण छातीत जे वर आलं ते राग नव्हतं. कालपासून तेच वर येत होतं, आणि त्याची त्याला भीती वाटत होती. काल हायवेवरून घरी येताना त्याला एकाएकी कळलं की आपण शीळ घालतोय. दोन्ही बाजूंना त्याच्या इमारती होत्या, म्हणजे ज्यांच्या काचा त्याने कागदावर आधीच लावून टाकलेल्या, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याने त्या काचांचा हिशेब केला नाही. काचेत ढग होता, तेवढा बघितला. नोकरी गेलेल्या माणसाने असं करायचं नसतं. लेक शुभ्रा आठवीत, व्हिसा सगळ्यांचा त्याच्या नोकरीवर टांगलेला, आणि हा माणूस ढग बघून शीळ घालतो. नोकरी गेली हे सांगता येईल, पण आनंद झाला हे कसं सांगायचं, आणि एक सांगितलं तर दुसरं तोंडावर दिसणार नाही का?

"नाव काय तुझं?"

"वरद."

"वरद, दुपारी जेवायला ये. दोन बिल्डिंग सोडून, हमदुल्ला म्हणून आहेत, माझे मित्र. ती नी-कॅप काढू नकोस. आणि ती गोऱ्याची गोष्ट तिथे सांग. तुझी धुलाई होईल, पण सांग."

राजन सांगायचा ती मूळ गोष्ट अशी. २००९ चा श्रावण. सुजीत आणि वैभवीचं नुकतंच लग्न झालेलं, वैभवीची पहिली मंगळागौर, आणि ती राजनच्या घरी, कारण त्याचा हॉल मोठा. मंगळवारची गौर आपण इथे शुक्रवारी बसवतो, कारण मंगळवारी सगळ्यांना ऑफिस. पहिल्या वर्षी पत्रीला तुळस मिळाली होती आणि बाकी सगळा पालक-मेथी होता, तेव्हापासून देवीनेही फार मनावर घेणं सोडलं असावं. दुपार. बायका झिम्मा खेळतायत, पुरुष आतल्या खोलीच्या दारात चहा पीत उभे. सुजीत भिंतीला टेकून नको इतका हसतोय. हमदुल्लाची बायको मैमुनाबी, मूळची रत्नागिरीकडची, अंगाने भरलेली, सगळ्यांची भाभी, ती नुसती बघायला आली होती. अनुपमाने तिचा हात धरून तिला फुगडीला ओढली. दोघी गरगर फिरल्या. आणि काहीतरी सुटलं, फरशीवरून घसरत, कातडीच्या रंगाचं, दाराशी येऊन थांबलं. नी-कॅप. हॉलमध्ये ज्या चार पाहुण्या बायका होत्या त्यांनी तोंडाला पदर लावले. भाभी जागच्या जागी लाल. तेव्हा राजन पुढे झाला, वाकला, ती उचलली, अजून गरम होती, आणि पँटवरून स्वतःच्या डाव्या गुडघ्याला चढवून म्हणाला, ज्याला हसू येतंय त्याने आधी आपापले गुडघे दाखवावेत.  तेवढ्यात सुजीत म्हणाला, राजन, मला दे ती. चढवली. "माझी मंगळवारी नोकरी गेली." वैभवी नऊवारीत, नथ नाकात, बघतेय. आणि कुणी काही बोलायच्या आत मैमुनाबी म्हणाली, "मग उद्या मोकळा हायस ना? मला दवाखान्यात ने."

त्यावरून सगळं. सांत्वन करायचं नाही, होईल रे सगळं ठीक हे शब्द काढायचे नाहीत. नी-कॅपवाल्याला प्रत्येकाने एक काम सांगायचं. नोकरी गेली आणि पाच मिनिटांत पाच कामं आली, मग माणूस बेकार कसा? सुजीत त्या आठ महिन्यांत बिल्डिंगच्या निम्म्या पोरांना अपूर्णांक शिकवून मोकळा झाला, आणि भाभीच्या हाताखाली सुरमई साफ करायला शिकला, कोकणस्थ असून. त्या वासापायी वैभवीने त्याला आठवडाभर सोफ्यावर झोपवलं. मग त्याला अबू धाबीत काम मिळालं. नी-कॅप पुढच्याकडे गेली. पुढच्याकडून पुढे. आणि आता कळतंय की शारजालाही गेली, वाटेत गोरी झाली, आणि पाय बदलला.

राजन दही घेऊन घरी आला आणि चप्पल काढता काढता त्याने लिफ्टमधली सगळी हकीगत सांगितली, स्वतःपुरतं सोडून. अनुपमा काकडी चोचवत होती. कोशिंबीर न्यायची होती. ती हसली, आणि हसत हसत, काकडीवरची नजर न काढता म्हणाली,

"पण तू तरी कुठे होतास तेव्हा?"

"कधी?"

"भाभींची नी-कॅप पडली तेव्हा. तू खाली बर्फ आणायला गेला होतास. पन्ह्याला."

"मी उचलली ती!"

"उचलली हमदुल्लाभाईंनी. तू नंतर आलास. दोन्ही हातांत पिशव्या, पाणी गळतंय, मी ओरडले, फरशी ओली करू नकोस म्हणून. आठवत नाही?"

आठवत होतं. हाच तर घोटाळा. पिशव्यांचा गारवा बोटांना आठवत होता, पिशवीचे बंद बोटांत रुतलेले. आणि त्याच बोटांना नी-कॅपचा गरमपणाही आठवत होता, आतल्या बाजूचा, जरा ओलसर, दुसऱ्याच्या शरीराचा. एका माणसाच्या दहा बोटांना एकाच वेळी दोन्ही कसं आठवेल? यातलं एक त्याने नंतर घेतलं असलं पाहिजे. कुणाकडून? हमदुल्लाच्या बोटांतून? गोष्ट सांगता सांगता ती हाताला लागते हे खरं असेल, तर दीड वर्षांत त्याने ती किती वेळा सांगितली होती, किती वेळा वाकून दाखवलं होतं, डावा पाय पुढे घेऊन. उलट गारवा त्याने कधीच कुणाला सांगितला नव्हता. जे सांगितलं नाही तेच मग खरं धरायचं? म्हणजे काल, त्या खोलीत, काचेचा पेला हातात... तेही अजून सांगितलेलं नाही, म्हणून अजून शुद्ध आहे, आणि दुपारी सांगितलं की

"बाबा, हाउ डू यू से नाइटहुड इन मराठी?"

शुभ्रा टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली होती. रविवारी तिचं ऊद मेथाच्या शाळेत प्रेझेंटेशन होतं, इंग्लंडच्या राजाच्या जुन्या सरदारमंडळींवर. विषय तिला चिठ्ठीत निघाला होता, मैत्रिणीला ज्वालामुखी निघाला म्हणून ती दोन दिवस चिडलेली.

"सरदारकी म्हण. का?"

"बिकॉज आय हॅव अ प्रॉब्लेम. द गार्टर वन. देअर आर फोर थिअरीज. मॅम सेड पिक वन."

"गार्टर म्हणजे?"

"मोज्याचा बँड," अनुपमा म्हणाली. "गुडघ्याखाली बांधतात. मोजा घसरू नये म्हणून."

राजन खुर्ची ओढून मुलीशेजारी बसला. दह्याची पिशवी मांडीवर.

शुभ्राने सांगितलं ते असं. सहा-साडेसहाशे वर्षांपूर्वी राजाच्या नाचात सॅलिस्बरीच्या काउंटेसचा गार्टर सुटून जमिनीवर पडला. दरबारी हसले. राजाने तो उचलला, स्वतःच्या पायाला बांधला आणि म्हणाला, यात ज्याला वाईट दिसेल त्याची त्याला लाज. आणि त्यावरून देशातली सगळ्यांत मानाची मंडळी निघाली, राजा आणि चोवीस-पंचवीस सरदार, डाव्या पायाला निळा पट्टा. ही एक. दुसरी अशी की बाई नव्हतीच, नाच नव्हता. त्याच्या खापरपणज्याच्या काळच्या कुण्या राजाने लांब कुठेतरी वाळवंटात वेढा घातला असताना आपल्या सैनिकांच्या पायांना कातडी पट्टे बांधले, ओळखीसाठी. तिसरी, फ्रान्समधली लढाई, राजाने गार्टर उंच धरून हल्ल्याची खूण केली. चौथी सगळ्यांत रुक्ष: तो मोज्याचा पट्टा नव्हेच, चिलखताचा पट्टा, सरदारांना शोभेल असा, बस्स.

"आणि खरी कुठली?"

"नोबडी नोज. सुरुवातीचे पेपर्स हरवले. अँड द लेडी स्टोरी, ती कुणीतरी ऑलमोस्ट टू हंड्रेड इयर्स नंतर लिहिली. ही वॉज फ्रॉम इटली."

"बाहेरचा," राजन म्हणाला. त्याला लिफ्टमधला वरद दिसला.

"अजून आहे. द बाथ वन. न्हाणाची. जॉर्ज राजाने नवीन काढली आणि म्हणाला, जुनीच आहे, मी जस्ट रिस्टार्ट केली. स्कॉटलंडचीही सेम. थिसल. काटेरी फूल. म्हणे एक शत्रू रात्री अनवाणी काट्यावर पडला आणि ओरडला, सो एव्हरीवन वोक अप. पण खरा कागद खूप नंतरचा. दे ऑल मेक अ न्यू थिंग अँड से इट्स ओल्ड."

राजन हसायला लागला. आधी नाकातून, मग खांद्यांतून. दह्याची पिशवी मांडीवर हलायला लागली, अनुपमाने ती काढून घेतली. त्याच्या डोळ्यांपुढे दगडी दिवाणखाना आला, लांब टेबल, म्हातारे सरदार, प्रत्येकाच्या डाव्या पायाला निळा पट्टा, आणि एक ड्यूक उठून सांगतोय, मी स्वतः होतो तिथे, काउंटेसचा गार्टर माझ्या बुटापाशी येऊन पडला. आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून डचेस, मटणाचा तुकडा न ठेवता, म्हणतेय, तुम्ही कुठे होतात, तुम्ही बर्फ आणायला गेला होतात. सहाशे वर्षं हेच चाललंय. मोठमोठ्या राजांच्या बाबतीत. मग अल मनखूलच्या एका हॉलचं काय घेऊन बसलात? आणि ज्या क्षणी त्याला हे वाटलं त्या क्षणी तो आनंद, कालचा, पुन्हा इतका वर आला की त्याला वाटलं आताच सांगून टाकावं, इथेच, काकडीच्या पाण्याच्या वासात. अनुपमा कोशिंबिरीवर फोडणी घालत होती, चर्र झालं, आणि क्षण गेला.

हमदुल्ला जुम्म्याची नमाज पढून आला तेव्हा सगळे जमले होते. पांढरा कुर्ता, कानात अत्तराचा बोळा. त्याने वरदकडे, वरदच्या गुडघ्याकडे, आणि राजनकडे बघितलं.

"ह्याला कुठून आणलास?"

"लिफ्टमधून."

"उजव्या पायाला कशाला बांधलीय त्याने?"

"ते तोच सांगेल."

वरदने सांगितलं. ताटात तांदळाची भाकरी, सुरमईचं कालवण, पोराचा हात कोपरापर्यंत रंगात आलेला, आणि तो गोरा, तो फोन, ते सत्तर नॉट आउट. तो बोलत होता तोवर कुणी घास घेतला नाही. सुजीत दर शुक्रवारसारखा अबू धाबीहून आला होता. वैभवी पुण्याला बाळंतपणाला गेल्यापासून तो इथे रात्रीचंही बांधून न्यायचा. आधी तोच फुटला.

"गोरा? कुठला गोरा? अरे ती मी घातली पहिल्यांदा! माझी नोकरी, माझा पाय, माझी बायको समोर!"

"घातलीस तू. उचलली मी," हमदुल्ला म्हणाला.

"कुणीच उचलली नाही, हमदुल्लाभाई. ती घसरत माझ्या पायाशी आली. मी नुसता वाकलो. मला तर वाटलं, हे माझ्यासाठीच आलंय."

"अरे हबीबी, तुझे डोळे पाण्याने भरलेले. तुला काय दिसणार? मी उचलली, झटकली, आणि म्हणालो..."

"काय म्हणालात?"

हमदुल्ला थांबला. "काहीतरी चांगलंच म्हणालो. आता नाही आठवत."

"आणि मी एक सांगू?" मैमुनाबी भाकऱ्यांची टोपली घेऊन दारात उभी राहिली. "ती माझी नव्हतीच."

आता मात्र सगळेच ओरडले.

"नव्हतीच माझी! माझे गुडघे तेव्हा घोडीसारखे होते. मला डॉक्टरने ती नंतर दिली, रमजान झाल्यावर. तुम्ही लोकांनी इतक्या वेळा सांगितलंत, भाभीची, भाभीची, मग मी म्हटलं, असू दे बाबा माझी. पाहुण्या बायांपैकी कुणाची तरी असेल. ती बिचारी पदर तोंडाला लावून सगळ्यांत जास्ती हसली असेल."

"पण मला दवाखान्यात ने, असं तुम्हीच म्हणालात ना?" अनुपमाने विचारलं.

"म्हणाले. दातांसाठी."

सुजीत टेबलावर डोकं ठेवून हसायला लागला. "मी तुम्हाला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं होतं, भाभी!"

"नेलंस ना. मी म्हटलं, पोरगा दुःखात आहे, कशाला बोला. दाखवून घेतले गुडघे. तेव्हाच तर डॉक्टरने सांगितलं, पुढेमागे नी-कॅप लागेल."

शुभ्रा बोटं मोजत होती. तिने आपल्या काउंटेसचं, वाळवंटातल्या पट्ट्यांचं आणि चिलखताचं सांगून टाकलं, आणि वरदने तोंड भरलेलं असताना विचारलं की त्या राजाचा गार्टर कुठल्या पायाला, आणि ती डावा म्हणाल्यावर सुजीतने विजयाने मूठ आपटली, आणि वरद म्हणाला, पण तो तर बॅटिंग करत नव्हता. राजन या सगळ्यांच्या मधोमध बसला होता. त्याच्या हातात भाकरीचा तुकडा होता आणि तो तुकडा कितीतरी वेळ तसाच होता. त्याला वाटलं आपण आता जवळजवळ कुठेच नाही आहोत. त्या दुपारच्या खोलीतून त्याला एकेकाने उचलून बाहेर ठेवलं होतं, प्रेमाने, भाकरी वाढत वाढत. खोली तशीच भरलेली, गौर बसलेली, बायका फिरतायत, आणि तो खाली दुकानात बर्फाच्या पेटीत हात घालून. वाईट वाटायला हवं. पण गंमत म्हणजे खोली आता आणखी छान दिसत होती. कुणाची ती ठाऊक नाही, कुणी उचलली ठाऊक नाही, कोण काय म्हणालं ठाऊक नाही, दात की गुडघे तेही नाही. कुणाचीच नसलेली गोष्ट, म्हणून कुणालाही घालता येईल अशी. संस्थापकाला मान नसतो, पण जो संस्थापकच नव्हता त्याला काय अडचण?

"संस्थापक गप्प का?" हमदुल्लाने विचारलं. "बोला. खलास करा एकदाचं. तू होतास की नव्हतास?"

राजन उभा राहिला. सवयीने डावा पाय पुढे आला. सगळे हसले.

"त्या दिवशी मी तिथे होतो की नव्हतो, आता मला सांगता येत नाही," तो म्हणाला. "पण काल मी होतो. काल दुपारी माझी नोकरी गेली."

 कालवणाच्या भांड्यात डाव हळूच घसरून बुडाला. त्याने अनुपमाकडे बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती, म्हणून शुभ्राकडे बघितलं, आणि शुभ्रा आईकडे बघत होती. आणि तेवढ्यात, जे लपवायचं होतं, ते झालंच. तो हसला. पोरासारखा, सगळं तोंडभर. त्याला ते आवरता आलं नाही.

वरद उठला, वाकला, स्वतःच्या गुडघ्यावरची नी-कॅप ओढून काढली आणि पुढे केली. "काका. पण माझी उजव्याची आहे."

"डाव्याला!" सुजीत ओरडला.

"आता ती राजनची, तो सांगेल त्या पायाला," हमदुल्ला म्हणाला.

राजनने ती डाव्या पायावर चढवली. घट्ट होती. गरम होती. आता मात्र खरोखर त्याच्या बोटांना, कुणाकडून न घेता.

"यल्ला, काम," मैमुनाबी म्हणाली, डोळे पुसत, कारण सांत्वन करायचं नव्हतं. "रोज सकाळी मला मासळी बाजारात न्यायचा. रोज. सुट्टी नाय."

"माझ्या दुकानातला एसी," हमदुल्ला म्हणाला. "मेकॅनिक येतो, बघतो, जातो. त्याच्या डोक्यावर उभा राहा."

सुजीतला वैभवीच्या आईला फोटो पाठवायचा होता जोडलेल्या पाळण्याचा. पाळणा खोक्यातच होता. वरद म्हणाला, आम्ही दोघंही रिकामेच तर एकमेकांचे सीव्ही वाचू. शुभ्राला रविवारी शाळेत स्लाइड्स पुढे सरकवायला माणूस हवा होता. "ऑल फोर थिअरीज," ती म्हणाली. "आयम नॉट पिकिंग."

उरली अनुपमा. तिने कोशिंबीर ताटात घेतली, भाकरीचा घास केला, खाल्ला. सगळे थांबले होते.

"माझं काम मी घरी सांगेन," ती म्हणाली.

परत जाताना ऊन तिरकं होतं, हिवाळ्यातलं, ज्याच्यासाठी माणूस इथला उन्हाळा काढतो. शुभ्रा पुढे. राजनने नी-कॅप काढली नव्हती, आणि समोरून येणाऱ्या एका मलबारी कुटुंबाने त्याला लंगडा समजून वाट दिली. 

"मला आधी सांगायचंस," अनुपमा म्हणाली.

"सांगणार होतो. सकाळी. फोडणीच्या आधी."

"आणि हसत का होतास?"

आता तेही सांगावं लागणार होतं. "मला आनंद झालाय गं," तो म्हणाला. "का ते नाही कळत. शुभ्राची शाळा आहे, व्हिसाचं काय होईल माहीत नाही, महिनाभरात परत जावं लागेल कदाचित. मला सगळं कळतं. भीती वाटायला हवी. वाटते पण. पण तिच्या खाली..."

"मला ठाऊक आहे. काल आंघोळ करताना गात होतास."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"कालच कळलं."

"मग विचारलं का नाहीस?"

"दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. म्हटलं, नियम तुझा आहे, पाळतोस का बघू."

त्याने चटकन तिच्याकडे बघितलं. "नियम माझा? म्हणजे मान्य आहे तुला?"

"गोष्ट तुझी नाही. नियम तुझा. दर शुक्रवारी करू, असं तूच म्हणालास. तेवढं मला पक्कं आठवतं." ती सिग्नलपाशी थांबली. तिने त्याच्या दंडाला धरलं, जोरात, आणि धरूनच ठेवलं.  "आता माझं काम. कालचं सगळं मला पहिल्यापासून सांग. एकच सांग, चार नकोत."

"एकच आहे," राजन म्हणाला. याबद्दल त्याला शंकाच नव्हती. "डबा खाऊन झाला, हात धुतले, तेवढ्यात एचआरच्या बाईचा फोन आला..."

"डबा खायच्या आधी."

"नंतर गं. मी होतो ना तिथे!"

"डबा तसाच परत आला राजन. मीच उघडला ना. झाकण काढलं आणि मला कळलं. मेथी जशीच्या तशी."

"मेथी? भेंडी होती. मी खाल्ली."

"भेंडी बुधवारी. काल मेथी."

"भेंडी!" त्याला ती जिभेवर लागत होती, कडेने जरा करपलेली, खोबरं घातलेली, खिडकीतून दिसणारं पार्किंग, आणि शेवटचा घास. "अनू, भेंडी होती."

"वासावरून सांगते मी, मेथी."

सिग्नल हिरवा झाला. शुभ्रा पलीकडे गेली, वळली, दोन्ही हात वर करून ओरडली. सिग्नल लाल झाला, आणि पुन्हा हिरवा झाला, आणि ती दोघं एकमेकांचे दंड धरून, आवाज चढवून, मेथी की भेंडी करत त्याच कोपऱ्यावर उभी होती.